सतरंज्या उचलल्यात का कधी? (अनुभव धागा)

ओसरीवरची
काल माळा आवरताना एक टोपी सापडली. कधीकाळी पांढरी होती, आता मुरमाच्या रंगाची. नवरा म्हणाला टाकून दे. टाकवेना.

१ मे २०१८, माण तालुका, महाश्रमदान. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचं (गावागावांत जलसंधारणाच्या कामाची स्पर्धा) वर्ष, ७५ तालुके स्पर्धेत होते. ऑफिसमधल्या एकीने ‘जलमित्र’ म्हणून स्वतःचं नाव नोंदवताना माझंही नोंदवून टाकलं. मी नाही म्हणाले नाही, कारण सुट्टी होती आणि घरी पाहुणे येणार होते. (खरं कारण हेच, आता लिहूनच टाकते.)

रात्री दोनला पुण्यातून निघालो, उजाडताना डोंगराच्या उतारावर. फक्कीच्या रेघा आखून ठेवलेल्या. मला वाटायचं चर म्हणजे वरून खाली जाणार. तिथल्या एका पोराने ए-फ्रेम दाखवली, तीन काठ्या आणि मधोमध सुतळीला लोंबणारा दगड. उतारावर एका पातळीतली रेघ तिनेच सापडते. पाणी पळायच्या आत धरायचं तर चर आडवाच हवा, हे मला चाळिशीत कळलं.

पहिला घाव घातला तर टिकाव उडून परत आला. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. म्हणाल्या, “पोरी, टिकाव आसा धरतीस व्हय? चर ऱ्हायला, पाय खणशील.” तासाभरात तळहात सोलले तशी त्यांनी टिकाव काढून घेतला आणि मला घमेल्यांच्या साखळीत उभं केलं. बढती की काय ते अजून ठरलेलं नाही. निघताना विचारलं, आजी, माझं किती झालं? त्यांनी चराकडे बघून माप सांगितलं, “येक म्हस बसंल येवढं.”

जूनमध्ये त्यांच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. चर भरलेला, गढूळ पाणी. खाली एक ओळ: ‘तुमची म्हैस डुंबतेय.’

तर सांगा. श्रमदान, गडाची साफसफाई, वाचनालय, ग्रामसभा, मंडळ, काहीही. पहिल्यांदा कोणी ओढलं तुम्हाला? मोठं काम केलेलंच असलं पाहिजे असं नाही. नुसत्या सतरंज्या उचलल्या असतील तरी चालेल.

खारीचावाटा
म्हैस डुंबतेय 😂 सकाळी सकाळी. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कडुलिंब
ताई, आता पलीकडची बाजू ऐका. त्याच वर्षी आमचंही गाव स्पर्धेत होतं. तालुका सांगत नाही, भावकी इथे वाचते.

शहरातून जलमित्र येणार म्हटल्यावर आम्ही आदल्या रात्री झोपलोच नाही. कांदे चिरायला चाळीस बायका. पोहे भिजवायला पाण्याचा टँकर, म्हणजे पाण्यासाठीच्या कामाला टँकर! सकाळी पाहुण्यांनी तीन तास खणलं, सेल्फी काढले, मनापासून रडलेसुद्धा काही जण. ते गेल्यावर आम्ही त्यांचे चर परत सरळ केले :-) राग मानू नका, त्या दिवसाने गावाला हुरूप आला हे खरंच. त्याआधी वीस दिवस वरची आळी आणि खालची आळी एकमेकांच्या चरात पाय घालत नव्हती. पाहुण्यांसमोर कसं भांडणार?

८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस. माझे वडील पंचाहत्तरीचे, रोज पहाटे डोंगरावर. पण अवघड काम नंतरचं होतं ते कोणी सांगत नाही. पहिल्या पावसाने विहिरी वर आल्या आणि दुसऱ्या वर्षी तीन जणांनी उसाच्या कांड्या आणल्या. चर खणायला आख्खं गाव आलं, बोअर मारू नका म्हणायला आम्ही सहा जण होतो. हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. आम्ही ते बघून आलो, परत येताना बसमध्ये सगळ्यांचं एकमत. बस थांबली, एकमत उतरलं.

ओसरीवरची
@कडुलिंब पोहे मीच दोनदा घेतले होते हो. दुसरं गाव असेल तरी सॉरी.

कडुलिंब
शेंगदाणे जास्त होते का? मग आमचंच.

माजघर
आई आणि आडवी बाटली. दोन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता.

देशी दारूचं दुकान शाळेच्या रस्त्यावर. आधी २५ टक्के बायकांच्या सह्यांचा अर्ज, मग त्या सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. चित्रं दोनच, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि ती मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्या बायकांच्या. यादीत कोण? सासरी गेलेल्या लेकी. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या सुना. देवाघरी गेलेल्या आज्यासुद्धा. आईचा हिशोब साधा होता, “जी आली नाही ती उभीची.” म्हणजे मेलेली बाई पण दारूवाल्याकडून.

म्हणून आधी यादीतून मयत नावं कमी करायला तहसीलच्या चकरा. मग आईने वहीत प्रत्येक लेकीचं सासर लिहिलं आणि फोन लावत सुटली. एक माझ्या वर्गातली, आठवा महिना, एसटीने आली. सासरी सांगून आली की आईला बरं नाही. तिला बघून माझी आई पहिल्यांदा रडली, निकालाच्या दिवशी नाही रडली.

जिंकलो. दुकान गेलं. पुढच्या महिन्यापासून पिशव्यांतून चोरून येते, तेही लिहिते, नाहीतर खोटं होईल. पण शाळेच्या रस्त्यावर नाही. त्या वहीत आता आई भिशीचा हिशोब लिहिते.

पाचोळा
@माजघर काकूंना दंडवत सांगा. आणि ती आठव्या महिन्यातली, पुढे?

माजघर
मुलगी झाली. आई तिला ‘आडवी’ म्हणते लाडाने. मुलीला अजून कारण माहीत नाही.

खारीचावाटा
आले. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, डाळीचा लगदा. तुमच्यामुळे.

माझं काहीच मोठं नाही. वडील मंडळाचे खजिनदार होते, पस्तीस वर्षं. गेल्या श्रावणात गेले. कपाट आवरलं तर वर्गणीच्या पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या. सुरुवातीच्या गठ्ठ्यात पाच पाच रुपयांच्या पावत्या. एका पावतीवर पेन्सिलीने ‘यांचे काम सुटले, पुढील वर्षी मागू नये’. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात त्या घराची पावती आहे आणि अक्षर बाबांचं आहे. देणाऱ्याचं नाव तेच, पैसे कोणाचे ते कळलंच. आईला दाखवलं तर म्हणाली, मग! म्हणून तर मला दिवाळीला साडी नसायची.

भाऊ आता खजिनदार आहे. क्यूआर कोड. पेन्सिल कुठे फिरवणार.

रानवाट
@खारीचावाटा वाचून थांबलो जरा.

दुपारची_एसटी
🙏 बाबांची पुस्तकं टाकू नका. खरंच.

प्रश्नचिन्ह
ग्रामसभेत प्रश्न विचारू नका. विचारला की समितीत घालतात. अनुभव संपला.

बरं, थोडं लिहितो. शिक्षण संपवून गावी आलो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला हौसेने गेलो. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते लागतं. आम्ही अकरा होतो. सभा तहकूब. मला वाटलं आता लोकशाही धोक्यात. ग्रामसेवक चहा पीत म्हणाले, काळजी करू नका, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आधी शंभर माणसं नाहीत म्हणून सभा रद्द, नंतर त्याच अकरा माणसांत सगळे ठराव मंजूर! त्या सभेत मी उभं राहून विचारलं की नळाजवळचं सांडपाणी रस्त्यावर का येतं, शोषखड्डा का नाही. टाळ्या. आणि माझं नाव पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत.

शोषखड्डा झाला शेवटी. मीच खणला, मित्राला घेऊन. चार फूट खोल, खाली मोठे दगड, वर लहान, वर खडी. लोक बघायला येत आणि सूचना करत. सूचना करणाऱ्या प्रत्येकाला मी पुढच्या सभेचं आमंत्रण दिलं. आता खड्ड्याकडे कोणी फिरकत नाही.

पाचोळा
😂😂 सूचना थांबवायचा हा रामबाण उपाय मी ऑफिसात वापरणार.

लाटेवर
वेळास, मंडणगड तालुका. कासवं बघायला गेलो होतो हो, काम करायला नाही. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे गाव त्यात उतरलं. अंडी वाळूतून काढून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यांवर टोपल्या झाकलेल्या, सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली, काही नाही. दुसऱ्या सकाळी नाही, संध्याकाळी नाही. आमच्यातल्या एकाने विचारलंच, “गॅरंटी नाही का काही?” राखणारे काका शांतपणे म्हणाले, कासवाला तुमचं परतीचं तिकीट दाखवा, बघू ऐकतं का. मी लाजून त्यांच्याबरोबर पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलो, नवी घरटी शोधायला. मादीचे माग ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखे दिसतात. एकही सापडला नाही. प्लास्टिक मात्र पोतंभर. तेच उचललं. पुढच्या वर्षी परत गेलो तर काकांनी ओळखलं, “या पोतंवाले.”

पिल्लं? तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. मी बसमध्ये होतो.

ओसरीवरची
@लाटेवर अरेरे!! हे जखमेवर मीठ आहे.

दुपारची_एसटी
खारं पाणी म्हणा.

रानवाट
राजगड. गेली नऊ वर्षं महिन्यातला एक रविवार. सुरुवातीला मी बादली-सिमेंट घेऊन निघालेला बहाद्दर. पायरीचा एक दगड निसटलेला दिसला, म्हटलं बसवून टाकू. आमच्यातल्या जुन्या माणसाने सिमेंटची पिशवी माझ्याच डोक्यावर परत खाली पाठवली. संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगड हलवायचा नाही, आणि मूळ बांधकाम चुन्याचं, त्यावर सिमेंट म्हणजे पैठणीला जीन्सचं ठिगळ. तेव्हापासून मी फक्त बाटल्या उचलतो. बाटली उचलायला परवानगी लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्यात. ऑफिसात पेढे वाटले मी. पुढच्या रविवारी गडावर गेलो तर गर्दी काय विचारू नका. नेहमी दोन पोती होतात, त्या दिवशी पाच झाली. एका पोराने बाटली तटावरून भिरकावली आणि मग माझ्या पाठीवरचं पोतं बघून ओशाळून विचारलं, “काका, तुम्ही पगारी आहात का?” म्हटलं नाही. “मग का करता?” मला उत्तर सुचेना, म्हणून त्याच्या हातात पोतं दिलं. पाली दरवाज्यापर्यंत नेलं त्याने. आता दर महिन्याला येतो आणि मला फार शिकवतो.

सडेतोड
सगळे गोड गोड लिहितायत म्हणून. मी नदीच्या कामात चार वर्षं होते, संस्थेचं नाव घेत नाही. विसर्जनाला निर्माल्य गोळा करायचं, पुढे त्याचं खत. काम छान होतं. मग बॅनर आला. मग बॅनरवर कोण, डावीकडे कोण. मग निर्माल्य कमी आणि शाल-श्रीफळ जास्त. मला एकदा भर गुडघाभर चिखलातून बाहेर बोलावलं, मान्यवरांच्या गाडीला जागा करायला खुर्च्या हलवा म्हणून. हलवल्या. घरी आले, अंघोळ केली, ग्रुप सोडला.

सासूबाई म्हणाल्या, सुटलीस, लष्कराच्या भाकरी भाजायचं खूळ गेलं. मला मात्र दर अनंत चतुर्दशीला हात शिवशिवतात.

प्रश्नचिन्ह
@सडेतोड खुर्च्या हलवणं सतरंज्यांपेक्षा वरची पायरी आहे, तुम्ही मध्येच नोकरी सोडलीत.

सडेतोड
हसले. बऱ्याच दिवसांनी यावर.

माजघर
@सडेतोड आमच्याकडे या. बॅनर नाही, कारण पैसेच नाहीत.

पाचोळा
अवांतर: हाताला फोड आल्यावर काय लावता? परवा बागेत खुरपं चालवलं तर हे झालंय. श्रमदान वगैरे नाही, टोमॅटो.

कडुलिंब
खोबरेल. आणि फोडू नका. आणि उद्या परत खुरपं धरा, नाहीतर हात मऊ पडतात.

ओसरीवरची
आजींनी पण हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

दुपारची_एसटी
रविवारी टेकडीवर गेल्या पावसात लावलेल्या रोपांना पाणी घालायला जातोय, आम्ही चौघं. पुण्यातले कोणी असाल तर साडेसहाला पायथ्याशी. पाण्याचे कॅन कमी पडतात, असतील तर आणा.

खारीचावाटा
पाच लिटरचे तीन आहेत. झाकणं एकच.

दुपारची_एसटी
या. चढताना सांडलेलं पण झाडांनाच जातं.