झाड माझ्या अंगणातलं, पण तोडायचा खर्च एकट्या माझाच का?

अंगणवाली (कर्वेनगर)

आमच्या घराच्या कुंपणाला लागून एक गुलमोहर आहे. सासऱ्यांनी १९८७ साली वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी लावलेला. निम्मा डेरा आमच्या अंगणात, निम्मा गल्लीवर. मे महिन्यात गल्लीत शिरलं की आधी तो लाल मांडव दिसतो, मग घरं. इस्त्रीवाल्याची टपरी त्याच्याच सावलीत. भाजीची गाडी तिथेच थांबते, समोरच्यांच्या गाड्याही तिथेच.

गेल्या पावसाळ्यानंतर बुंध्याशी तपकिरी अळंबी उगवली. बशीएवढी, कडेला पांढरी किनार, हाताला लाकडासारखी टणक. वरवंट्याने बुंधा ठोकून पाहिला. एका बाजूला भरीव आवाज येतो, गल्लीच्या बाजूला पोकळ. झाड झुकलंय तेही गल्लीकडेच.

दोघांकडून दर घेतले. एकाने २२ हजार सांगितले, पण बुंधा जमिनीत ठेवून आणि पालापाचोळा आम्हीच हलवायचा. दुसऱ्याने मुळासकट ४८ हजार. यात परवानगीसाठीची अनामत आणि बदल्यात लावायची झाडं धरलेली नाहीत. मी एकटी निवृत्तिवेतनावर आहे. सावली अख्ख्या गल्लीने घेतली, आता बिल तेवढं माझ्या नावावर. समोरच्या तीन घरांशी बोलले तर उत्तर एकच, "झाड तुमचं आहे ना?" तुम्हाला काय वाटतं?

पर्वतीपायथा

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण समोरचे बरोबर बोलतायत. उद्या बंगला विकलात तर "समोर डेरेदार गुलमोहर" म्हणून जो भाव येईल त्यातला वाटा गल्लीला देणार आहात का? जागा तुमची, झाड तुमचं, जबाबदारीही तुमची. आमच्याकडे नारळ काढायची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांकडे हात पसरले नाहीत. मालकीत फायदा तेवढा आपला आणि खर्च सगळ्यांचा, असं चालत नाही.

वारजेकर

नारळ आणि गुलमोहर एकाच तागडीत घालू नका. नारळाची सावली कोण घेतो?

हिरवाई

मला खर्चाआधी एक विचारायचंय. झाड तोडायचंच असं ठरवलं कोणी? दर सांगणारी दोन्ही माणसं तोडण्याचेच पैसे घेतात, ती तोडा असंच म्हणणार. आधी महापालिकेच्या उद्यान विभागाच्या माणसाकडून पाहणी करून घ्या. गल्लीकडचा भार छाटून डेरा हलका केला तर कित्येक झाडं पुढे दहा-दहा वर्षं उभी राहतात.

आणि तोडायची परवानगी मिळाली तरी हिशेब तिथे संपत नाही. झाडांच्या जतनाचा आपल्याकडचा कायदा १९७५ चा, त्यात २०२१ साली बदल झाला. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची. तुमचा गुलमोहर अडतीसचा धरला तर अडतीस झाडं! दोन गुंठ्यांच्या अंगणात ती कुठे लावणार? हा नियम मला मनापासून पटतो. झाड तोडणं स्वस्त झालं की पुण्यात काय होतं, ते रस्तारुंदीच्या निमित्ताने आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पर्वतीपायथा

तुमचा मुद्दा समजतो, पण नियम असा जड केला की माणसं रात्री मुळाशी ॲसिड ओततात आणि झाड "आपोआप वाळलं" म्हणतात. विनापरवाना तोडलं तर एका झाडामागे एक लाखापर्यंत दंड, म्हणून तोडत नाहीत, मारतात. माझ्या डोळ्यांदेखत झालंय हे.

दोरखंड

मी फांद्या छाटायची आणि झाडं उतरवायची कामं घेतो. आधी वडील करायचे. ४८ हजार ऐकून ताईंना वाटत असेल की लुटतायत, म्हणून हे पैसे जातात कुठे ते सांगतो.

गल्लीतलं झाड आडवं पाडता येत नाही, तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं. एक माणूस वर, दोघं दोरावर, दोघं खाली. फांदी आधी दोराला बांधायची, मग खालून थोडा काप द्यायचा आणि नंतर वरून. खालचा काप चुकला की फांदी तुटताना सालपट सोलत बुंध्यापर्यंत येते आणि वरच्या माणसाला घेऊन जाते. विजेच्या तारा असतील तर महावितरणकडून लाईन बंद करून घ्यावी लागते. मग ती वेळ पाळायची, म्हणजे त्या दिवशी दुसरं काम नाही. वरून टेम्पोच्या खेपा.

ज्या झाडाला अळंबी आलीय त्यावर चढायला मी जास्तच पैसे घेतो. भरीव झाड कुठे वाकेल ते कळतं. पोकळ झाडाचं काहीच सांगता येत नाही. माझा चुलतभाऊ अशाच एका झाडावरून पडला, आता त्याला खुर्चीवरून उठता येत नाही. त्या दिवशी मालकाने दोन हजार कमी करून घेतले होते, म्हणून आम्ही माणूस एक कमी नेला होता.

लोक म्हणतात लाकूड तुम्हीच न्या आणि पैसे कमी करा. आंबा, फणस असता तर वखारवाल्याने भाव दिला असता. गुलमोहर ठिसूळ, जळणापलीकडे त्याला कोणी विचारत नाही.

हिरवाई म्हणतात तसं भार हलका करता येतो, पण बुंध्याला अळंबी दिसते तेव्हा आत बरंच कुजून गेलेलं असतं. फोटो टाका.

अंगणवाली

दादा, तुमच्या भावाचं वाचून हात थांबला. फोटो टाकते आहे. पैसे कमी करा असं मी कोणाला म्हणणार नाही.

बिबवेवाडीचा

समोरच्यांच्या बाजूने बोलतो, कारण मी असाच एक समोरचा आहे. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात शेजारच्या बंगल्यातला गुलमोहर माझ्या गाडीवर आला. टप आत गेला, काच फुटली. माझा विमा नुसता थर्ड पार्टी होता, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान धरत नाहीत. सगळा खर्च माझ्या खिशातून. मालक म्हणाले, देवाची करणी. झाड वाकलंय हे त्यांना मी दोनदा सांगितलं होतं. ताईंना तर अळंबी दिसली आहे, आवाज पोकळ येतोय. हे कळल्यावर वर्गणी जमेपर्यंत थांबणं मला पटत नाही. आधी अर्ज करा, पैशाचं नंतर भांडा.

हिरवाई

फोटो पाहिले. दोरखंड यांचं बरोबर आहे. अळंबी दोन ठिकाणी आहे आणि मातीला झुकावाच्या उलट बाजूने भेग पडलीय. मी माझं म्हणणं मागे घेते, हे झाड काढायला हवं. मृत, रोगट किंवा जिवाला धोका असलेलं झाड असेल तर परवानगी नाकारायची नाही, असं कायद्यातच आहे. अर्जात अळंबी, भेग आणि झुकाव तिन्ही लिहा.

पण फोटोत आणखी एक दिसतंय. बुंध्याला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक आहेत. ते कोणी बसवले?

अंगणवाली

आम्हीच. २०१६ साली. सासऱ्यांना चिखलात पाय घसरायची भीती वाटायची म्हणून अख्खं अंगण झाकून घेतलं. तेव्हा ३५ हजार लागले होते.

हिरवाई

राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढा. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. फरशी बसवताना मुळं छाटली जातात आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. ताई, तुम्हाला दोष देत नाहीये, पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांनी हेच केलंय. पण आजच्या ४८ हजारांत तेव्हाचे ३५ हजारही आहेत, हे मला लपवावंसं वाटत नाही.

पर्वतीपायथा

म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं. फरशी मालकाची, खर्चही मालकाचा.

वारजेकर

आणि कुंपणाबाहेर, गल्लीच्या बाजूला काय आहे? फोटोत काँक्रीटचा रस्ता कुंपणापर्यंत आलाय. निम्मी मुळं त्याखाली आहेत. ती गुदमरली त्याचं बिल कुठल्या मालकाला देणार?

अंगणवाली

फरशीचं वाचून दोन दिवस झोप लागली नाही. सासरे असते तर त्यांना हे सांगायची हिंमत झाली नसती.

अर्ज दिला. पाहणी झाली, झाडावर नोटीस लागली आहे. नोटीस पाहून समोरच्या काकू स्वतःहून आल्या. "तोडायला पैसे देणार नाही, पण नवीन झाड लावाल त्याला देईन," म्हणाल्या. आधी राग आला. मग म्हटलं, चालेल. बहावा आणि ताम्हण आमच्या दाराशी बसतील, बाकीची कुठे लावायची ते उद्यान विभाग सांगेल तसं. तोडायचे पैसे मी मुदतठेव मोडून देते आहे. तरीही सावलीत ज्यांचा वाटा होता त्यांनी थोडा भार उचलायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

दोरखंड दादा, काम तुम्हीच घ्याल का? माणसं पाचच आणा. आणि बुंध्याभोवतीच्या फरशा आधी उखडायच्या आहेत, त्याचेही पैसे सांगा.