ई-सही फाइलच्या आत हवी, की प्रणालीतली नोंद पुरेशी?

किल्लीधारक: दस्तऐवज व्यवस्थापनाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'सही करा' दाबलं की बोटाने गिरवलेली सही पीडीएफवर चित्र म्हणून चिकटते. कोणी, केव्हा, कुठल्या आयपीवरून केली हे डेटाबेसात जातं. एवढ्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. चित्र कापून दुसऱ्या फाइलवर लावता येतं. शिवाय सॉफ्टवेअर बदललं की फाइली नव्या घरी येतात, नोंदी जुन्या डेटाबेसातच राहतात. सही डिजिटल प्रमाणपत्रावर (सहीची गुप्त डिजिटल किल्ली कोणाची, हे सांगणारा दाखला) आधारलेली आणि फाइलच्या आतच हवी.

नोंदवही: इतकं टोक नको. सही बंधनकारक ठरते ती माणसाची ओळख आणि त्याचा इरादा यांवर. युरोपचा इलेक्ट्रॉनिक ओळख आणि सह्यांबाबतचा २०१४ चा ईआयडीएएस नियम घ्या किंवा अमेरिकेचा २००० चा ई-साइन कायदा. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून सही नाकारता येत नाही. रजेच्या अर्जाला आणि अंतर्गत मंजुरीला प्रमाणपत्र कशाला?

किल्लीधारक: 'नाकारता येत नाही' म्हणजे 'सिद्ध झाली' नव्हे. त्याच ईआयडीएएसमध्ये हाताच्या सहीची बरोबरी फक्त पात्र सहीला, म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमाणपत्रावर आणि प्रमाणित साधनाने केलेल्या सहीला, दिली आहे. बाकीच्यांना वादात पुराव्यावर उभं राहावं लागतं. प्रमाणपत्राच्या सहीत, सही ठेवायची जागा वगळून फाइलच्या प्रत्येक बाइटवरून हॅश, म्हणजे फाइलचा गणिती ठसा, निघतो. नंतर एक स्वल्पविराम बदलला तरी तपासणी फसते.

फाइलखोली: फसते, आणि बहुतेक वेळा ती फसवणारी खुद्द प्रणालीच असते! सही झालेली फाइल अपलोड झाल्यावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) चालतो, आकार कमी केला जातो, कोपऱ्यात 'मंजूर' शिक्का बसतो. फाइल पुन्हा लिहिली गेली की सही अवैध. म्हणून क्रम पाळा: ओसीआर, पानक्रमांक, वॉटरमार्क, पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचं पीडीएफ) रूपांतर आधी, सही सगळ्यात शेवटी. अनेकांच्या सह्या असतील तर प्रत्येक सही आधीच्या बाइटना हात न लावता फाइलच्या शेवटी जोडली गेली पाहिजे. दोघांनी एकच आवृत्ती उतरवून सही केली तर एकेक सहीच्या दोन फाइली होतात आणि त्या एकत्र करता येत नाहीत. चेक-आउटचं कुलूप, म्हणजे एकाने फाइल घेतली की दुसऱ्याला थांबवणारी सोय, हवंच. आणखी एक: सहीसाठी फाइलमध्ये आधी जागा राखून ठेवतात. टाइमस्टॅम्प (वेळेचा डिजिटल दाखला) आणि प्रमाणपत्रांची साखळी (प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं) त्यात मावली नाही तर सही अर्ध्यावर अडते. सुरुवातीलाच ऐसपैस जागा ठेवा.

नोंदवही: म्हणजे इतकी नाजूक व्यवस्था हजारो फुटकळ कागदांवर लादायची? आणि प्रमाणपत्र सांगतं की किल्ली वापरली गेली. कोणी वापरली? किल्ली सर्व्हरवर, लॉगिन तिघांत वाटलेलं, ओटीपी सामायिक मेलवर. तिथे उपयोगी पडते ती नोंद: कोणती आवृत्ती उघडली, शेवटच्या पानापर्यंत गेला का, संमतीची खूण केव्हा केली.

किल्लीधारक: हे पटलं, नोंद हवीच. पण जिच्यात ॲडमिन गुपचूप बदल करू शकतो ती नोंद पुरावा म्हणून लंगडी. अंतिम फाइलचा एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला हॅश नोंदीत लिहा, नोंदीचा पीडीएफ काढून त्यावर संस्थेची डिजिटल मोहोर लावा आणि तो मूळ कागदासोबतच ठेवा. किल्लीसाठी दर सहीला पिन मागा, सामायिक लॉगिन बंद करा. वेळ सर्व्हरच्या घड्याळाची नको, बाहेरच्या टाइमस्टॅम्प सेवेची घ्या.

फाइलखोली: आणि मुदत विसरू नका. प्रमाणपत्र काही वर्षांत संपतं, करार त्यापुढेही जगतो. सहीच्या वेळी ते रद्द झालेलं नव्हतं याचा ओसीएसपी जबाब (प्रमाणपत्र देणाऱ्याकडून मिळणारं स्थितीचं उत्तर) आणि पूर्ण साखळी फाइलमध्येच साठवा. पेड्स या पीडीएफ सह्यांच्या मानकात ही बी-एलटी पातळी. दशकानुदशकं ठेवायच्या कागदांना त्यापुढची बी-एलटीए पातळी घ्या आणि जुना अल्गोरिदम कमकुवत होण्याआधी नवा टाइमस्टॅम्प चढवा. एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीवर २०१७ मध्ये प्रत्यक्ष टक्कर घडवून दाखवली गेली, म्हणजे दोन वेगळ्या पीडीएफचा एकच हॅश.

नोंदवही: करार आणि हमीपत्रांसाठी हे सगळं मान्य. रजेच्या अर्जाबाबत माझं मत तेच: नोंद पुरे, फक्त मोहोरबंद हवी.

किल्लीधारक: मग निदान एक चाचणी लावा. सही झालेली फाइल प्रणालीबाहेर काढा, नेट बंद असलेल्या संगणकावर उघडा आणि सहीची पट्टी बघा. सही कोणाची, केव्हाची आणि नंतर बदल झाला का, हे तिथे कळलं नाही तर तो पुरावा सॉफ्टवेअरवाल्याच्या ताब्यात आहे, तुमच्या नाही.