१९९५ च्या ४८६ संगणकासाठी हार्ड डिस्क कोणती निवडावी आणि कशी जोडावी?

विश्रामबागकर (सांगली):

नमस्कार. आमच्या घरी १९९५ साली घेतलेला, ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसरचा संगणक आहे. वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते आणि १९९५ ते २००१ या काळातले सौदे, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या आणि उधारीची खाती त्यांनी रात्री घरी बसून फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः भरली होती. २०१९ च्या महापुरात दुकानातल्या वह्या भिजून गेल्या. संगणक माळ्यावर होता म्हणून वाचला. ती खाती त्याच पडद्यावर पुन्हा पाहावीत अशी वडिलांची इच्छा आहे.

मागच्या रविवारी यंत्र खाली उतरवून, आतली धूळ ब्रशने काढून चालू केले. मेमरीची मोजणी पूर्ण होते, तारीख-वेळ चुकीची असल्याची सूचना येते आणि त्यानंतर हार्ड डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. मूळ डिस्क ४२० एमबीची असून ती फिरताना ऐकू येते, पण उपयोग होत नाही, म्हणून ती निकामी झाली असे मी धरून चाललो आहे. शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून ४० जीबीची जुनी आयडीई (४० पिनांच्या चपट्या केबलने जोडायची) डिस्क आणली. ती जोडल्यावर संगणक डिस्क ओळखण्याच्या टप्प्यावरच थिजतो. एकदा केबल काढून पुन्हा लावल्यावर तर डिस्कचा लाल दिवा सतत पेटून राहिला आणि पडद्यावर काहीच आले नाही.

या यंत्रासाठी कोणती डिस्क घ्यावी आणि ती कशी जोडावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

कृष्णाकाठ (मिरज):

नवी डिस्क निवडण्याआधी एक विनंती करतो: जुनी डिस्क निकामी ठरवू नका. तुमच्याच वर्णनात कारण दिसते आहे. तारीख-वेळ चुकीची येते याचा अर्थ मदरबोर्डवरची बॅटरी संपली आहे, आणि त्या काळच्या यंत्रात डिस्कची मापे, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे, त्याच बॅटरीवर जपलेल्या सीमॉस स्मृतीत असतात. बॅटरी गेली की संगणक डिस्क विसरतो. डिस्क आपल्या जागी ठणठणीत असू शकते.

डिस्कच्या लेबलवर तीन आकडे छापलेले असतील. संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटअपमध्ये जाऊन डिस्कचा प्रकार ४७ निवडा, कारण तो वापरकर्त्याने स्वतः मापे भरण्यासाठी राखलेला असतो, आणि ते आकडे जसेच्या तसे भरा. आकडे चुकले तर फायलींची यादी विस्कटलेली दिसेल. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नका, डिस्कवर काहीही लिहू नका. फक्त आकडे दुरुस्त करा.

बॅटरीकडे मात्र आजच बघा. ४८६ च्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची, पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट डकवलेली असते. ती गळू लागली की आतला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो आणि कीबोर्डचा सॉकेट जवळ असल्यामुळे तोही निकामी होतो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर बॅटरी कापून काढा आणि ती जागा व्हिनेगरने पुसून, मग स्वच्छ करून पूर्ण वाळवा. गळणारा द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून व्हिनेगर. तिच्या जागी साधे सेल डकवू नका, कारण बोर्ड त्या जागेला चार्जिंगचा प्रवाह देतो. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी वेगळ्या चार पिन असतात. त्यांवर तीन पेन्सिल सेलांचा होल्डर लावता येतो.

आता दिव्याबद्दल. दिवा सतत पेटलेला राहिला याचा अर्थ बहुधा केबल उलटी बसली. चपट्या केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती पिन १ ची बाजू. डिस्कवर ही पिन बहुतेक वेळा वीजजोडणीच्या शेजारी येते. ४० पिनांपैकी २० वी पिन काढलेली असते आणि काही केबलींच्या तोंडाशी ते भोक बुजवलेले असते, त्यामुळे केबल उलटी बसत नाही. जुन्या केबलींना ही सोय नसते, म्हणून टॉर्च धरून, पिना वाकलेल्या नाहीत हे पाहून, एकसारख्या दाबाने बसवा.

जुनेयंत्र (सातारा):

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. ४० जीबीची डिस्क का थिजवते तेवढे सांगतो, कारण निवडीचा सगळा प्रश्न त्यातच आहे.

१९९५ च्या आधीच्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमला, डिस्कचा जास्तीत जास्त आकार १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर इतकाच कळतो. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५२८ एमबी होतो. तुमच्या बायोसच्या सेटअपमध्ये एलबीए (सेक्टरांना सरळ क्रमांक देण्याची पद्धत) नावाचा पर्याय दिसत असेल तर ही मर्यादा सुमारे ८.४ जीबीपर्यंत जाते. दिसत नसेल तर ५२८ एमबी हीच भिंत समजा. ४० जीबीची डिस्क स्वतःची जी मापे कळवते ती पाहून काही बायोस गोंधळतात आणि तिथेच थांबतात. अशा काही डिस्कांवर क्षमता ३२ जीबीपर्यंत कमी दाखवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, पण तुमच्या बायोसला तेवढीही झेपणार नाही. शिवाय डॉस ६.२२ या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्कचा एक विभाग (पार्टिशन) २ जीबीपेक्षा मोठा करता येत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: ५१२ एमबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांतले मेमरी कार्ड) घ्या आणि ते ४० पिनांच्या साध्या अडॅप्टरवर बसवा. कार्डाला आयडीईची भाषा मुळातच येते. सुरू होताना त्याची ९ वी पिन जमिनीला जोडलेली दिसली की ते हार्ड डिस्कसारखे वागते, म्हणून अडॅप्टरमध्ये भाषांतर करणारी चिप लागत नाही. एसडी कार्डाच्या अडॅप्टरमध्ये ती लागते आणि जुन्या बोर्डांशी तिचे नेहमी जमतेच असे नाही. ५१२ एमबीचे कार्ड ५२८ एमबीच्या आत बसते, त्यामुळे बायोसशी कसलीही तडजोड करावी लागत नाही. अडॅप्टरवर व्होल्टचा जंपर असेल तर ५ व्होल्ट ठेवा, वीज फ्लॉपीच्या छोट्या चार पिनी जोडणीतून द्या आणि कार्ड मास्टर (केबलवरची पहिली डिस्क) म्हणून केबलवर एकटेच ठेवा. त्या काळातल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एकाच केबलवर नांदत नाहीत, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

पुढे जास्त जागा लागली तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस हा जोडीचा बायोस चिपवर घालून नेटवर्क कार्डाच्या रिकाम्या बूट-रॉम सॉकेटमध्ये बसवता येतो आणि मग जुन्या बायोसची मर्यादा आड येत नाही. तुमच्या खात्यांसाठी त्याची गरज नाही.

कृष्णाकाठ (मिरज):

एक महत्त्वाची भर. जुनी डिस्क चालू झाली तरी तिच्यावर लगेच काम सुरू करू नका; आधी पूर्ण प्रत घ्या. यूएसबीचे कन्व्हर्टर या कामात फसवतात, कारण त्यांतले बरेचसे डिस्कशी फक्त एलबीए पद्धतीने बोलतात आणि जुन्या डिस्कला ती पद्धत कळत नसेल तर ती ओळखलीच जात नाही. त्यापेक्षा मदरबोर्डवरच आयडीई सॉकेट असलेला, पेंटियम ४ च्या काळातला एखादा संगणक मिळवा आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत घेणारा प्रोग्रॅम वापरून प्रत घ्या. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा नकाशा-फाइलीत नोंदवतो आणि मग त्यांच्याकडे परत येतो. थकलेल्या डिस्कला हीच पद्धत मानवते.

आणि ती प्रत सरळ कार्डावर ओतू नका. डॉसच्या बूट सेक्टरमध्ये जुन्या डिस्कचे हेड आणि सेक्टर लिहिलेले असतात. कार्डाची मापे वेगळी असल्यामुळे ते सुरूच होणार नाही. कार्डावर नव्याने विभाग पाडून, तो सक्रिय करून, सिस्टिमसह फॉरमॅट करून त्यावर फायली उतरवाव्यात.

विश्रामबागकर (सांगली):

दोघांचेही मनापासून आभार. काय घडले ते क्रमाने लिहितो.

बॅटरीच्या एका टोकाला हिरवी बुरशी आली होती, पण ती कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत पोहोचली नव्हती. ती कापून, जागा साफ करून, बाहेरच्या चार पिनांवर सेलांचा होल्डर लावला. डिस्कच्या लेबलवर ८९९, १५ आणि ६२ असे आकडे होते. ते प्रकार ४७ मध्ये भरले आणि पहिल्याच प्रयत्नात सी ड्राइव्ह उघडला. डिस्क गेलेलीच नव्हती. लगेच यंत्र बंद केले आणि एका नातेवाइकांच्या जुन्या संगणकावर तिची प्रत घेतली. १२ सेक्टर वाचता आले नाहीत, पण ते फॉक्सप्रोच्या माहितीच्या कोणत्याही डीबीएफ फाइलीत नाहीत, हे एकेक फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिले.

कार्ड पहिल्यांदा सुरू झाले नाही. विभाग सक्रिय होता, सिस्टिम फायली होत्या, तरी पडदा काळाच. शेवटी फ्लॉपीवरून एफडिस्क /एमबीआर ही आज्ञा दिली आणि ते सुरू झाले. कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डावर सुरुवातीचा बूट कोड नसतो, असे दिसते. दुसऱ्या कोणाला हीच अडचण आली तर उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो.

सायंकाळी वडिलांनी स्वतः फॉक्सप्रो उघडले आणि १९९७ च्या हंगामातले एक खाते काढले. ज्या शेतकऱ्याची ती पट्टी होती त्यांचा मुलगा आता यार्डात येतो. त्याला ती छापून द्यायची आहे. त्यासाठी जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माळ्यावरून काढायचा आहे. त्याच्या रिबनबद्दल वेगळा धागा सुरू करतो.