घरात मुलांवर होणारे अत्याचार, लैंगिकसुद्धा, आधीच्या पिढीतल्या आईवडिलांना कळत नव्हते, की कळूनही ते गप्प बसले?

निरभ्र:
‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे ऐकलं की डोकं फिरतं. नव्हतं कसं? एखादा ठरावीक पाहुणा मुक्कामाला आला की आई गुपचूप अंथरुणांच्या जागा बदलायची, मुलीला आजीशेजारी झोपवायची. म्हणजे माहीत होतं! त्याला कुणी जाब विचारला नाही. बंधनं आली ती पोरीवर.

जुना_खडू:
आजच्या चष्म्यातून बघणं सोपं आहे हो. डॉक्टरांना तरी कुठे कळत होतं? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांचा मारहाण झालेल्या मुलांवरचा गाजलेला लेख १९६२ चा. मारणं म्हणजे शिस्त, हेच सगळीकडे चालायचं. मुलांना मारण्यावर कायद्याने पूर्ण बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, तोही १९७९ साली. मग घरच्यांकडून काय अपेक्षा करता?

निरभ्र:
केम्प तर माझ्याच बाजूने साक्ष देतोय! एक्स-रेत वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसायची. पण आईबापच असं करतील हे डॉक्टरांना मानवत नव्हतं, म्हणून ‘पडलं असेल’. न्यूयॉर्कमध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली १८६६ मध्ये. मुलांसाठीची निघाली ती १८७४ च्या मेरी एलन विल्सन प्रकरणानंतर, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईने एका लहान मुलीचा छळ केल्याचं उघड झाल्यावर. दिसत सगळ्यांना होतं.

कोपरा:
त्या बाईच्या हातात अंथरूण हलवण्यापलीकडे होतं काय? कमाई नाही, माहेरचा आधार नाही. तोंड उघडलं असतं तर आधी तिचीच रवानगी झाली असती. बाकी निरभ्र, तुमच्या सगळ्या हकिगतीत आईच दिसते. वडील कुठे होते?

जुना_खडू:
वडिलांना सांगणार कोण? सांगितलं तर पहिली थोबाडीत पोरालाच, ‘मोठ्यांबद्दल असं बोलतोस?’ म्हणून. ते चूकच, त्याचं समर्थन नाही करत. पण सरसकट एका पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

सावली_नको:
तुमची ती अंथरुणांची व्यवस्था फक्त मुलींसाठी होती. पाहुण्याशेजारची रिकामी झालेली जागा कुणाला मिळायची? घरातल्या मुलाला. ‘पोरगाच आहे, त्याला काय होतंय!’ ही समजूत त्या आईचीही होती. तेव्हा ‘माहीत होतं’ हे अर्धंच खरं.

जुना_खडू:
हा मुद्दा बिनतोड. आणि मुलगे तर मोठे झाल्यावरही बोलत नाहीत.

निरभ्र:
बोलले तर हसतात लोक. या धाग्यावर कुणी हसायला आलं, तर थेट तक्रार करणार आहे.