मदत हवी आहे: डबल रोलच्या पिक्चरमध्ये नोकर जी ओळ आळवतो, ती ओ. पी. नय्यर यांची चाल आहे का?

घोडागाडी
विनोदी चित्रपटांत ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचे उल्लेख कुठे कुठे येतात, त्याची यादी करतोय. सगळं जमलंय, फक्त एका जागी घोडं अडलंय. गुलजारचा तो डबल रोलवाला पिक्चर आहे ना, त्यात नोकर एक ओळ लांबवून लांबवून गातो. चाल नय्यरांची वाटते, पण गायकी सैगलच्या वळणाची आणि पिक्चरचा संगीतकार तर तिसराच. गाणं ओळखणारं शाझाम अॅप ढिम्म. क्लिपमधली खरखर काढली, आवाज वाढवला, तरी काही नाही. गाणं कोणतं आणि ते यादीत घ्यावं का, एवढंच सांगा. यादी आज रात्री टाकायची आहे.

तबकडी_७८
पिक्चरचं नाव लिहा हो. तुमच्या वर्णनात दोन पिक्चर बसतात. 'दो दूनी चार' (१९६८) गुलजारनेच लिहिलेला, त्यात किशोरकुमार आणि असित सेन, संगीत हेमंतकुमार. आणि 'अंगूर' (१९८२) गुलजारने लिहिलेला आणि दिग्दर्शितही केलेला, त्यात संजीवकुमार आणि देवेन वर्मा, संगीत पंचम म्हणजे आर. डी. बर्मन. दोन्हींची कथा शेक्सपिअरच्या एकाच नाटकावरची, दोन्हींत मालकही दुहेरी आणि नोकरही दुहेरी. नोकर असित सेन आहे की देवेन वर्मा?

पांढरी_चार
'गोलमाल' असणार. त्यात गाण्यावरून बराच गोंधळ आहे.

तबकडी_७८
'गोलमाल'मध्ये डबल रोल कुठाय? अमोल पालेकर एकच आहे, तो जुळा भाऊ असल्याचं सोंग करतो. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, गुलजारची गाणी. आणि गाणारा नोकर त्यात नाही.

नादलहरी
शाझाम का गप्प बसतं ते आधी समजून घ्या, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. ते चाल ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. ध्वनीच्या आलेखातले सगळ्यात ठळक बिंदू घेऊन त्यांचा ठसा बनवतं आणि तो साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. तीच चाल दुसऱ्या गळ्यातून आली की ठसा निराळा. त्यातून वर संवाद असले तर ठळक बिंदू संवादांचेच निघतात. खरखर काढायला गेलात की उरलेसुरले बिंदूही पुसट होतात, आणि आवाज वाढवला तर सगळंच सारखं वाढतं, फायदा शून्य.

चाल शोधायची तर गुगलच्या अॅपमधला गुणगुणून शोधण्याचा पर्याय घ्या. शब्द न म्हणता 'ला ला' करत किंवा शीळ घालत १०-१५ सेकंद, मधे न थांबता. ताना, हरकती गाळा, सरळ मुखडा म्हणा.

आणि क्लिप कुठली आहे? टीव्हीवरून घेतलेली का?

घोडागाडी
देवेन वर्मा. अंगूर हो, दुसरा कोणता असणार? क्लिप टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली आहे. त्याने काय फरक पडतो?

नादलहरी
बराच पडतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो. पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी दाखवणाऱ्या टीव्हीसाठी तो बहुतेक वेळा २५वर पळवतात. म्हणजे सगळं सुमारे ४ टक्के जलद होतं आणि सूरही चढतो, पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं त्याच्या साधारण ७० टक्के. गाणं दोन पट्ट्यांच्या मधेच लटकतं. पेटीवर लावून बघाल तर कोणतीच पट्टी जुळणार नाही.

खात्री करायची तर त्याच क्लिपच्या फाइलमधलं दुसरं गाणं घ्या. 'अंगूर'मध्ये आशाबाईंचं 'रोज रोज डाली डाली' आहे, ते कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेशी ताडा. टीव्हीवरचं चढं लागलं तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी क्लिप निवडून 'चेंज स्पीड' मध्ये उणे ४ टक्के द्या. 'चेंज टेम्पो' वापरू नका, त्याने लय उतरते पण सूर चढाच राहतो. सूर जुळत असेल तर प्रक्षेपणात आधीच दुरुस्ती झालेली आहे, मग काही करू नका.

रीळ_नऊ
क्लिप कापलेल्या प्रतीतली आहे का तेही बघायला हवं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, जुन्या पिक्चरमध्ये त्यावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट म्हणजे २७.४३ मीटर धावते. लांबीला २७.४३ने भागलं की मूळ मिनिटं मिळतात: ४,११५ मीटर असेल तर १५० मिनिटं. तुमची प्रत त्याहून बरीच आखूड असेल तर काहीतरी उडवलंय. मात्र पाल प्रतीत १५०ची १४४ होतात, ते कापणं नव्हे. टीव्हीवर गाणी आणि विनोदी तुकडे पहिले उडतात, तेव्हा यादी टीव्हीवरून करणंच चूक.

घोडागाडी
अहो, लांबी नको, गाण्याचं नाव हवंय!

जुनी_पेटी
शब्द कोणते ऐकू येतात?

घोडागाडी
'प्रीतम' एवढंच. पुढचं संवादाखाली दबलंय. आणि शोधायला गेलं की संगीतकार प्रीतमचीच गाणी येतात, पानंच्या पानं.

जुनी_पेटी
मग झालं की! 'प्रीतम आन मिलो'. चाल नय्यरांचीच, तुमचा कान बरोबर आहे. मूळ गाणं चित्रपटातलं नाही. सी. एच. आत्मा यांची १९४०च्या दशकातली तबकडी आहे, नय्यरांचा चित्रपटात जम बसायच्या आधीची. शब्द सरोज मोहिनी नय्यर यांच्या नावावर आहेत, त्या ओ. पीं.च्या पत्नी. आत्मांचा गळा सैगलच्या वळणाचाच होता, म्हणून तुम्हाला सैगल आठवला. पुढे नय्यरांनी तीच चीज 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मध्ये गीता दत्तकडून गाऊन घेतली. 'अंगूर'मध्ये पडद्यावर देवेन वर्मा, पण गळा सपन चक्रवर्तींचा. ते पंचमचे सहायक.

गुलजार आणि पंचम यांनी ते निवडलं त्याला कारण आहे. विरहाचं, ठाय लयीतलं, एकेक अक्षर ओढून म्हणायचं गाणं. आजूबाजूला गोंधळ माजलेला असताना नोकर ते तितक्याच तन्मयतेने आळवतो. सपनदांनी चेष्टेचा सूर कुठेच लावलेला नाही, 'मिलो'वरचा ठहराव पूर्ण दिलाय. गाणं सरळ गायलंय म्हणूनच प्रसंग हसवतो. गीता दत्तचं शेजारी लावून ऐका, मुखडा ताबडतोब पटेल.

घोडागाडी
हेच! जुळलं. गीता दत्तच्या गाण्यावर मुखडा बसला. आता यादीत ते नय्यरांच्या नावावर घ्यायचं की पंचमच्या?

काळी_पाच
नय्यरांच्या. चाल त्यांची, विषय संपला. पण यादीत प्रकार वेगळे ठेवा, नाहीतर भेळ होईल. मूळ तबकडी वाजते तो एक प्रकार: 'तनु वेड्स मनू रिटर्न्स' (२०१५) मध्ये गीता दत्तचं 'जा जा जा जा बेवफा' आहे तसंच येतं, मूळ 'आरपार' (१९५४). मूळ गाणं नव्याने गाऊन घेतात तो दुसरा: 'अंगूर', किंवा 'हॅप्पी फिर भाग जायेगी' (२०१८) मधलं 'चिन चिन चू', मूळ 'हावडा ब्रिज' (१९५८). तिसरा प्रकार म्हणजे नुसती शैली उचललेली.

'जा जा जा जा बेवफा' गुणगुणून शोधाल तर 'सुन सुन सुन सुन जालिमा' पुढे येऊ शकतं. एकाच पिक्चरमधली एकच चाल आहे, एक जलद युगुलगीत आणि दुसरं संथ, दुःखी. नोंद करताना शब्द तपासा.

टांगा_ठेका
तिसऱ्या प्रकारात 'अंदाज अपना अपना' (१९९४) पहिल्या नंबरवर! तुषार भाटियांनी 'एलो जी सनम' अथपासून इतिपर्यंत नय्यर शैलीत बांधलंय. घोड्याच्या टापांचा ठेका ऐकला की नय्यर, डोळे मिटून लिहा.

काळी_पाच
डोळे मिटून लिहू नका. टापांचा ठेका नय्यरांच्या आधीचा आहे. पंकज मलिकांचं 'चले पवन की चाल' ('डॉक्टर', १९४१) ऐका, घोडागाडीचाच ठेका आहे. नुसता 'टक-टक' ऐकून नय्यर लिहिलंत तर अर्धी यादी चुकेल. निदान तीन खुणा एकत्र सापडायला हव्यात: ठेका, मधल्या संगीतात सारंगी किंवा क्लॅरिनेटचा तुकडा, आणि मुखड्यातला एखादा शब्द तोडून पुन्हा पुन्हा म्हणणं, 'पिया पिया पिया' किंवा 'सुन सुन सुन सुन'सारखं.

टांगा_ठेका
ठेका आधी होता हे मान्य. पण 'मांग के साथ तुम्हारा', 'यूं तो हमने लाख हसीं', 'जरा हौले हौले चलो' ही सलग ओळ दुसऱ्या कोणाकडे आहे? १९९४ साली टाप वाजते तेव्हा ऐकणाऱ्याला पंकज मलिक आठवत नाहीत, नय्यर आठवतात. उल्लेख ऐकणाऱ्यासाठी असतो. तीन खुणांची अट लावलीत तर चांगले उल्लेख सुटतील.

पांढरी_चार
'अंदाज अपना अपना'मध्ये मेहमूद 'वाह वाह प्रॉडक्शन्स'चा मालक आहे, तो 'प्यार किये जा' (१९६६) चा उल्लेख.

काळी_पाच
बरोबर आहे, पण 'प्यार किये जा'ला संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं. या यादीत त्याचं काम नाही.

अनारकली_५३
नय्यरांचेच उल्लेख का? विनोदी गाण्यांचा खरा राजा सी. रामचंद्र. 'अंदाज अपना अपना'मध्येच 'शोला शोला तू भडके' आहे, 'अलबेला' (१९५१) मधल्या 'शोला जो भडके'ची सरळ आठवण. अण्णांची यादी कोणी करत का नाही?

टांगा_ठेका
त्यासाठी वेगळा धागा काढा, आनंदाने लिहू. इथे नको.

समुद्रपार
परदेशी विनोदी चित्रपट यादीत घेणार असाल तर एक मोठा खड्डा आहे. 'स्ट्रिक्टली बॉलरूम' (१९९२) या ऑस्ट्रेलियन पिक्चरमध्ये 'बाबूजी धीरे चलना' वाजल्यासारखं वाटतं. वाजतं ते डोरिस डेचं इंग्रजी गाणं. त्याचं मूळ ओस्वाल्दो फारेस या क्यूबाच्या संगीतकाराचं 'कीसास, कीसास, कीसास', १९४७चं. 'आरपार'मधल्या 'बाबूजी'ची चाल त्यावरून आली. दोघांचं उगमस्थान एक, एकाने दुसऱ्याचा उल्लेख केलेला नाही. 'सीआयडी'मधल्या 'ये है बॉम्बे मेरी जान'चंही तसंच, ती 'क्लेमेंटाइन' या जुन्या अमेरिकन गाण्याची चाल. काउबॉयच्या विनोदी पिक्चरमध्ये कोणी ती शिटीवर वाजवली तर 'सीआयडी' लिहू नका.

फरक ओळखायचा असेल तर मुखडा सोडा आणि अंतरा ऐका. मुखडा उसना असला तरी अंतरा आणि मधलं संगीत नय्यरांचं स्वतःचं असतं. तो भाग वाजला तरच उल्लेख.

घोडागाडी
'बाबूजी'चे आणखी दोन उल्लेख शोधात सापडलेत, तेही टाकू का?

समुद्रपार
कोणत्या पिक्चरमधले? 'दम' (२००३) मधलं 'बाबूजी जरा धीरे चलो' असेल तर ते संदीप चौटांचं वेगळं गाणं, शब्दांमुळे शोधात एकत्र येतं.

घोडागाडी
एक तेच आहे, काढतो. दुसरा 'भागम भाग'.

तबकडी_७८
कोणता 'भागम भाग'? १९५६चा भगवानदादांचा, किशोरकुमारचा, त्याला संगीत नय्यरांचंच. तो उल्लेख नव्हे, ते मूळ काम. आणि २००६चा प्रियदर्शनचा, त्याचा संगीतकार प्रीतम. 'प्रीतम' शोधल्यावर नेमका तोच वर येत असणार. चित्रपटाच्या नावापुढे वर्ष लिहिल्याशिवाय एकही नोंद टाकू नका.

घोडागाडी
ठीक. नोंद अशी करतोय: अंगूर (१९८२), 'प्रीतम आन मिलो', चाल ओ. पी. नय्यर, मूळ गायक सी. एच. आत्मा, चित्रपटात आधी गीता दत्त (मिस्टर अँड मिसेस ५५, १९५५), इथे गायक सपन चक्रवर्ती, पडद्यावर देवेन वर्मा, प्रकार: नव्याने गायलेलं. वेळ टीव्हीच्या फाइलमधली टाकू ना?

नादलहरी
नको. आधी त्यातल्या जाहिराती वगळा. सूर चढा लागला असेल तर उरलेल्या मिनिटांना २५ने गुणून २४ने भागा, म्हणजे ७२व्या मिनिटाचं ७५वं होईल. मोजणी सेन्सॉर प्रमाणपत्राच्या पहिल्या चौकटीपासून करा आणि तसं यादीच्या डोक्यावर लिहा. काही प्रतींमध्ये प्रमाणपत्राच्या आधी कंपनीचं बोधचिन्ह असतं, ते धरू नका. आणि वेळेसोबत आधीचा एक संवाद लिहा, म्हणजे प्रत कोणतीही असो, जागा सापडेल.