घराजवळची खाण्याची ठिकाणं पारखायची कशी?

चिमूटभर
निव्वळ राहत्या वस्तीच्या उपनगरात नुकतंच बिऱ्हाड हलवलंय. दीड किलोमीटरच्या आत लहानमोठी बारा-तेरा खाण्याची ठिकाणं आहेत, नावाजलेलं एकही नाही. ॲपवर बहुतेकांना ४.२ ते ४.६ तारे, म्हणजे त्यावरून निवड होत नाही. घरात चार वर्षांचं मूल (शेंगदाण्याची ॲलर्जी) आणि सत्तरी ओलांडलेले वडील आहेत. आठवड्यातून दोनदा बाहेरचं, त्यातलं एकदा पार्सल. प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा खाऊन बघायला वेळ नाही. आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? टेबलं रिकामी दिसली तर परत फिरायचं का?

रिकामं_पातेलं
टेबलं मोजू नका, पिशव्या मोजा. राहत्या वस्तीत कामाच्या दिवशी दुपारी खायला माणूसच नसतो. खरा धंदा संध्याकाळचे दोन-अडीच तास आणि शनिवार-रविवार, आणि त्यातलाही बराच पार्सलचा. रात्री आठला दोनच टेबलं भरलेली, पण गल्ल्याशेजारी बांधलेल्या पिशव्यांची रांग आणि दारात नेणारे उभे, तर तिथला माल फिरतोय. प्रश्न तेवढाच: शिजलेलं अन्न किती वेळ पडून राहतं?

म्हणून पहिल्यांदा जाताना गर्दीच्या वेळेच्या सुरुवातीला जा. दुपारी चारला गेलात तर सकाळचं उरलेलं मिळण्याची शक्यता जास्त. बंद व्हायच्या अर्ध्या तास आधी शेगड्या पुसायला घेतलेल्या असतात, तेव्हा तुमच्यासाठी नवीन कोणी काही चढवत नाही. रविवारसाठी जास्तीचा माल भरलेला असतो, त्याचा शिल्लक भाग सोमवारी निघतो. त्या दिवशी ताजं मागवायचं असेल तर समोर शिजतं तेच मागवा.

मग मेन्यू कार्ड. आचारी दोन, शेगड्या चार आणि पदार्थ १४० असतील तर गणित सरळ आहे: दोन-तीन तयार ग्रेव्ह्या, एक मोठा फ्रीझर आणि वरून फोडणी. यात पाप काही नाही, पण त्या ग्रेव्हीचं वय तुम्हाला कळत नाही. अशा ठिकाणी बाकीची टेबलं जे खातायत तेच मागवा. कार्डाच्या शेवटच्या पानावरचा, महिन्यात एकदा खपणारा पदार्थ मागवून त्या ठिकाणाची परीक्षा घेऊ नये. तो सगळीकडे वाईटच असतो.

डावा_हात
मी स्वयंपाकघरात डोकावण्याच्या आधी तीन गोष्टी बघतो.

एक, हात. पैसे घेणारा हात तसाच अन्नाला लागतो का? हातमोज्यांवर भुलू नका. त्याच मोज्याने गल्ला, फोन आणि मग भाजी, तर मोजा नसलेला बरा. उघडा हात निदान चिकट झाला की धुतला जातो.

दोन, फडकं. एकाच ओल्या फडक्याने टेबल, सुरी आणि ताटाची कड पुसली जात असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

तीन, हात धुवायची जागा. गिऱ्हाइकांच्या बेसिनला साबण नसेल आणि आतल्यांसाठी वेगळं बेसिन दिसत नसेल तर आतले लोक हात कुठे धुतात याचा अंदाज करा.

माश्या, मोरीचा वास वगैरे सगळ्यांना दिसतंच. भिंतीवरच्या चकचकीत टाइल्सना मात्र शून्य गुण.

तेलाचा वास दारातच येतो. पहिला घाणा पडायच्या आधीच कढई धुरकटत असेल, झारा काढल्यावरही फेस बसत नसेल, तेल काकवीसारखं काळं-चिकट दिसत असेल, तर ते कधीच बदलायला हवं होतं. बऱ्याच देशांत तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढणारे घटक) मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास आहे. ती मोजायला लहान उपकरणं मिळतात, पण गल्लीतल्या दुकानात ते क्वचितच दिसतं. जुन्यात नवं तेल ओतून काम भागत नाही, जुन्याची घाण नव्यालाही लवकर बिघडवते. तेल चांगलं असूनही तळण तेलकट लागलं तर कढई जास्त भरली असणार. तेलाचं तापमान पडलं की वरची कड पटकन धरत नाही.

पारा_चढलेला
वर ‘माल फिरतोय’ म्हटलंय ते बरोबर, पण अर्धंच. गर्दी आणि लहान फ्रीज ही जोडी धोक्याची. रविवारच्या गर्दीसाठी शनिवारी मोठ्या पातेल्यात शिजवून तसंच झाकून ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणू वाढण्याचा पट्टा. शिजलेलं अन्न ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. वीस लिटरचं भरलेलं पातेलं फ्रीजमध्ये ढकलून ते होत नाही. उथळ ट्रेमध्ये पसरावं लागतं.

‘पुन्हा उकळलं की झालं’ हा गैरसमज आहे. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याचं कवचबंद, सुप्त रूप) शिजवतानाही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष फेरतापवण्याने जात नाही. हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाचंही तेच. परतलेला भात चवीला बरा लागतो तो आदल्या दिवशीचा, हेही खरं, त्यामुळे तो फ्रीजमधून आला की ओट्यावरून, एवढं विचारा.

गरम पाण्यावर ठेवलेल्या ट्रे अन्न गरम *राखण्यासाठी* असतात, गरम *करण्यासाठी* नाही. ढवळल्यावर वाफ येत नसेल, कडेला साय किंवा वाळलेली रेघ धरली असेल, तर ती ट्रे सोडा.

वडील आणि मुलासाठी बाहेर चार गोष्टी टाळा: कच्ची मोडं, अर्धवट शिजलेली अंडी, कच्च्या अंड्याचे सॉस आणि हाडाशी गुलाबी असलेलं चिकन. मोड आणायला लागणारी ऊब-ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते.

आणि पोट बिघडलं तर शेवटच्या जेवणावर आळ घेऊ नका. अर्धा ते सहा तासांत नुसत्या उलट्या झाल्या तर आधी त्या तयार विषांकडे बघा. साल्मोनेला जिवाणूला सहा तासांपासून सहा दिवस लागतात, नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास. चांगली ठिकाणं अशा चुकीच्या आळाने यादीतून जातात.

चिमूटभर
हे कामाचं आहे. ॲलर्जीचं कसं विचारायचं? ‘शेंगदाणे घालू नका’ म्हटलं की सगळे मान डोलावतात. आणि पार्सलबद्दल?

कोरडा_झारा
‘घालू नका’ हा प्रश्नच चुकीचा. गल्ल्यावरच्याला नाही, शिजवणाऱ्याला विचारा, आणि होय-नाही उत्तर येणार नाही असं विचारा: तळायला तेल कुठलं? त्याच कढईत आणखी काय काय तळता? ग्रेव्ही घट्ट कशाने करता? वाटण कुठल्या भांड्यात होतं? दाणे अनेकदा ग्रेव्हीत दाटपणासाठी असतात आणि कार्डावर त्यांचा उल्लेख नसतो. एकच डाव दोन पातेल्यांत फिरला तरी पुरतं. ‘थोडंसंच आहे’ किंवा ‘वरून काढून देतो’ असं उत्तर आलं की तिथून उठा. गर्दीच्या वेळी हे विचारू नका, संध्याकाळी गर्दीच्या तासभर आधी जाऊन विचारा. आचारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून.

पार्सलला घरी पोचेपर्यंतचा वेळ धरूनही दोन तासांत खा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. तळलेलं घट्ट झाकणात दिलं की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतं, म्हणून कागदात किंवा झाकण किलकिलं ठेवून मागा आणि रस्सा वेगळा. उकळता रस्सा पातळ पिशवीत घेऊ नका. स्वतःचा स्टीलचा डबा नेलात तर प्रश्न मिटतो, फक्त तो कोरडा न्या. उरलेलं पाच सेंटीमीटरपेक्षा उथळ थरात फ्रीजला लावा. भात दुसऱ्या दिवशी संपवा.

रिकामं_पातेलं
ताऱ्यांचं राहिलं. १५ जणांचे ४.८ यापेक्षा ६०० जणांचे ४.३ जास्त विश्वासाचे. सरासरी सोडा, ‘नवीन आधी’ लावून फक्त गेल्या तीन महिन्यांचं वाचा. चांगल्याचं एकदम वाईट झालेलं दिसलं तर बहुधा आचारी किंवा मालक बदललाय. तीन ताऱ्यांवाले सगळ्यांत उपयोगी, कारण ते काय आवडलं आणि काय नाही दोन्ही लिहितात. ‘उशिरा आलं’, ‘सांडलं’ या तक्रारी बाजूला काढा, त्या पोचवणाऱ्याच्या. ‘आंबूस’, ‘मधून गार’ हे शब्द दोन वेगवेगळ्या लोकांनी वापरले असतील तर ते ठिकाण वगळा.

बारा-तेरामधून असे चार-पाच उरतील. त्यातल्या प्रत्येकाचा समोर शिजणारा एक पदार्थ आणि एक रश्शाचा, एवढ्यावर पहिली फेरी पुरते.