व्यायच्या आधी धार काढली की चीक पातळ का पडतो? हार्मोनचा नेमका संबंध काय?

गोठा-करवीर
म्हैस व्यायच्या चार-पाच दिवस आधी कास तट्ट फुगते, सड गळायला लागतात. ताण जावा म्हणून आमच्या भागात बरेच जण आधीच पिळतात. कुणी सुजेवर स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात. अशा म्हशीचा व्यायल्यावरचा चीक ब्रिक्स मीटरवर (चिकाचा दाटपणा मोजायचं यंत्र) १६-१७ दाखवतो, न पिळलेलीचा २४-२५. खुराक तोच, पेंड तीच. मग पुढच्या धारेला चीक पुन्हा का भरत नाही?

पशुवैद्य-कागल
कारण चिकातली मुख्य अँटिबॉडी (रोगाशी लढणारं प्रथिन), म्हणजे आयजीजी-१, कासेत बनत नाही, ती रक्तातून आणली जाते, आणि ही वाहतूक व्यायच्या सुमारास बंद होते.

गाई-म्हशींच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडी मिळत नाही, म्हणून रेडकू जवळजवळ कोऱ्या रक्ताने जन्मतं. त्याचा सगळा साठा चिकातून येतो. विण्याआधी काही आठवडे कासेच्या दूधपेशी रक्तातलं आयजीजी-१ उचलून दुधाच्या बाजूला सोडतात. त्यात एफसीआरएन नावाच्या रिसेप्टरचा भाग असल्याचं मानलं जातं. गाईच्या कासेत हा रिसेप्टर विण्याआधी पेशीभर पसरलेला दिसतो, नंतर फक्त दुधाकडच्या टोकाला उरतो.

हे सुरू करणारे हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. गाभण नसलेल्या गाईंना ही दोन्ही टोचली तरी कासेत चिकासारखा, आयजीजी-१ ने भरलेला स्राव येतो. बंद करणारं मुख्य हार्मोन प्रोलॅक्टिन. विण्याच्या वेळी प्रोजेस्टेरॉन कोसळतं, प्रोलॅक्टिन उसळतं, पेशी दूध बनवायला लागते आणि अँटिबॉडीची उचल थांबते. आधी पिळून काढलेला साठा भरून यायला मग वेळच उरत नाही. वरून नवं दूध मिसळून उरलेलाही पातळ होतो.

हे बहुतेक अभ्यास गाईंवरचे आहेत, म्हशीच्या कासेतही यंत्रणा तीच असावी.

गोठा-करवीर
म्हणजे न पिळलेल्या म्हशीलाही उशीर परवडत नाही? आणि स्टिरॉइडचं?

पशुवैद्य-कागल
मुळीच परवडत नाही. गाईंच्या एका मोजणीत विल्यानंतर २ तासांच्या तुलनेत ६ तासांनी काढलेल्या चिकात आयजीजी सुमारे १७ टक्के कमी होतं, १४ तासांनी ३३ टक्के.

स्टिरॉइडबाबत मी ठाम आहे: गाभणीच्या शेवटच्या दिवसांत सुजेसाठी डेक्सामेथासोन (हेच ते स्टिरॉइड) नको. ते वेळेआधी कळा सुरू करतं आणि आयजीजी-१ चिकात जाणंही कमी करतं. सूज असेल तर आधी खुराकातलं मीठ तपासा, जादा सोडियम-पोटॅशियमने सूज वाढते. म्हैस रोज चालती ठेवा, कासेला हलका मसाज करा. भाकड काळ (विण्याआधी धार बंद ठेवण्याचा) किमान ४५ दिवस ठेवा, तो मोडला की चीक हलका येतो.

चीक-बँक, पन्हाळा
डॉक्टरांच्या म्हणण्याला व्यवहाराची जोड देतो.

आधी पिळणं टळत नसेल (सड गळून खाली सांडत असेल, कास फाटायला आली असेल), तर तो पहिला पिळा टाकू नका. तोच खरा चीक आहे. सड धुऊन पुसून स्वच्छ भांड्यात काढा, १ लिटरच्या पिशव्यांत पातळ थर करून उणे २० अंशाला ठेवा, वर्षभर टिकतो. फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवसांत संपवा. वितळवताना पाणी ५० अंशांच्या वर नको. गॅसवर ठेवलात की प्रथिनं गोठतात आणि हातात खरवस येतो, अँटिबॉडी गेलेली असते.

ब्रिक्स २२ च्या वर असेल तर पहिल्या पाजणीला वापरा, खाली असेल तर साठवलेला द्या. फेस निवल्यावर थेंब घ्या आणि मीटर आधी पाण्यावर शून्य करा. इथे बहुतेक जण चुकतात.

३० किलोच्या रेडकाला पहिल्या २ तासांत ३ लिटर, बाटलीने. आईला सोडून दिलं की किती प्यायलं ते कळत नाही. ८ ते १२ तासांनी पुन्हा दीड-दोन लिटर. आतडं अँटिबॉडी अख्खी शोषतं ते पहिले काही तासच, २४ तासांनी ते दार बंद. तपासायचं असेल तर २४ ते ४८ तासांदरम्यान रक्त घ्या, त्याचं सीरम त्याच मीटरवर ८.४ च्या खाली आलं तर साठा कमी पडलाय.

कोल्हापुरात गंगावेशीला खरवसाचा चीक मागणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या दोन पाजण्या झाल्याशिवाय एक थेंबही विकू नका.

पशुवैद्य-कागल
एक भर. आतड्याचं शोषण थांबलं तरी पहिले तीन-चार दिवस आईचंच दूध द्या. प्रोलॅक्टिनच्या राज्यात आयजीजी-१ ची वाहतूक जवळजवळ थांबते, पण आयजीए या दुसऱ्या अँटिबॉडीची वेगळी वाट (पीआयजीआर हा रिसेप्टर) चालूच राहते. ही अँटिबॉडी रक्तात जात नाही, आतड्याच्या अस्तरावर राहून हगवणीचे जंतू अडवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मिल्क पावडरवर टाकलेल्या रेडकाला ती मिळत नाही.

गोठा-करवीर
डॉक्टर, मग एका सडाला सूज आणि रक्त असेल, तर बाकीच्या तीन सडांचा चीक चालेल?

पशुवैद्य-कागल
चालेल. रक्ताळलेला सड वेगळा काढा, बाकीच्यांत मिसळू नका. त्या सडाची कॅलिफोर्निया टेस्ट (कासदाहाची चाचणी) करा, आणि बाकी तिन्हींचं ब्रिक्स वेगवेगळं घ्या. सड सड सारखा नसतो.